डुकरांचा ताप आणि भिंतीतली गोचीड: नवीन वराहपालकांनी कुठून सुरुवात करायची

पुण्याच्या आजूबाजूला ज्यांच्या गोठ्यात आधी गाई-म्हशी होत्या आणि आता तिथेच चार-पाच माद्या आणून वराहपालन सुरू करायचं चाललंय, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की गोचीडताप डुकराला होतो का. प्रश्न अगदी बरोबर आहे कारण संकरित गाय गोचीडतापाने एकदा तरी बसलेली प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि २०२२ ला लम्पी आला तेव्हा तर गावोगाव गोठ्यात गोचीड-माशीच्या औषधाचे फवारे चालले होते, म्हणून गोचीड म्हटली की फवारा हे डोक्यात पक्कं बसलंय. पण गाईचा गोचीडताप रक्तातल्या सूक्ष्म परजीवींमुळे येतो, विषाणूमुळे नाही. आणि डुकरांमध्ये जो विषाणू गोचिडीमार्फत पसरू शकतो, म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवरचा, त्याची गोचीडच वेगळी, ती जनावराच्या अंगावर लटकलेली दिसतच नाही, ती भिंतीत राहते. एवढी एक गोष्ट नीट डोक्यात गेली तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून मी सगळं त्याच क्रमाने लिहितेय. आमचं युनिट सोलापूर रोडच्या बाजूला आहे, जुन्या दगडी गोठ्यातच सुरू केलं होतं, त्यामुळे यातलं बरंचसं करून बघितलेलं आहे.

पायरी १: आजाराचं नाव आधी नीट समजून घ्या

आजार आहे आफ्रिकन स्वाइन फीवर. पुण्यात हे नाव काढलं की लोक दचकतात कारण २००९ चा स्वाइन फ्लू इथे सगळ्यांच्या आठवणीत आहे, देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. पण फ्लू वेगळा आणि हा फीवर वेगळा. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, मांस खाऊनही होत नाही, हात लावूनही होत नाही. शेजारी-पाजारी तक्रार करायला आले तर हे शांतपणे सांगा, कारण एकदा अफवा पसरली की भाव पडतो आणि मग लोक घाबरून आजारी जनावरं लपवतात किंवा रातोरात विकतात, आणि रोग तर त्यानेच पसरतो.

दुसरा गोंधळ क्लासिकल स्वाइन फीवरशी होतो. तो आपल्या देशात जुना आहे, त्यावर लस आहे आणि ती वेळेवर द्यायचीच. आफ्रिकन स्वाइन फीवर हा पूर्ण वेगळ्या विषाणूचा आजार, क्लासिकलची लस दिली म्हणून यापासून संरक्षण मिळत नाही, आणि आपल्याकडे याच्यावर वापरायला मंजूर झालेली लस नाही, औषधोपचारही नाही. तीव्र साथीत शंभरातली जवळपास शंभर डुकरं जाऊ शकतात. लक्षणं दोन्हींची इतकी सारखी असतात की नुसतं बघून डॉक्टरही सांगू शकत नाहीत, लॅबच लागते.

या विषाणूबद्दल अजून एक गोष्ट माहीत असावी. किड्या-गोचिडींच्या शरीरात वाढून पसरणारे विषाणू बहुतेक सगळे आरएनए जातीचे असतात, त्यात माहीत असलेला हा एकटा डीएनए विषाणू (आरएनए, डीएनए म्हणजे विषाणूच्या आतल्या आनुवंशिक द्रव्याचे दोन प्रकार). तो डुकरात जसा वाढतो तसा गोचिडीच्या शरीरातही वाढतो, आपण इंजेक्शनची सुई रक्ताने खराब होते म्हणतो तसलं हे नाही, गोचीड त्याचं घर आहे.

पायरी २: कुठली गोचीड ते ओळखायला शिका

यावर जरा वेळ घालवा कारण बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात. आमच्याकडे पहिली पिल्लं आली तेव्हा एका व्यापाऱ्याने अंगावर उवा असलेलीच पिल्लं दिली होती, आणि कानामागे करड्या-तपकिरी रंगाचे मोठे मोठे किडे बघून सगळे म्हणायला लागले गोचीड गोचीड. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी एक किडा चिमट्याने उचलून पांढऱ्या थर्माकोलच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, पाय मोजा." सहा निघाले. ती ऊ होती, डुकराची ऊ चांगली अर्धा सेंटीमीटर होते, म्हणून फसायला होतं. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात (नुसत्या अंड्यातून निघालेल्या बारीक गोचिडीला सहाच, पण ती इतकी बारीक असते की उवेशी घोळ होत नाही). तर पहिला धडा, पाय मोजा.

आता गोचिडीतले दोन प्रकार. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांच्या अंगावर जी चिकटलेली दिसते ती कडक गोचीड, तिच्या पाठीवर टणक ढालीसारखा तुकडा असतो आणि वरून बघितलं तरी तोंड पुढे आलेलं दिसतं. ती कित्येक दिवस जनावराला चिकटून रक्त पिते, फुगून एरंडाच्या बीसारखी होते, मग मादी गळून पडते, हजारो अंडी एकदाच घालते आणि मरते. कडक गोचिडीत आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू वाढत असल्याचं आजवर दिसलेलं नाही. आजारी डुकराचं रक्त पिताना तो पोटात जातो आणि काही दिवस तिथे सापडूही शकतो, पण ती त्याचं घर होत नाही. त्यामुळे शेजारच्या म्हशीच्या अंगावर गोचिडी आहेत म्हणून उद्या डुकरांना हा ताप येईल असं समजू नका. (म्हशीच्या गोचिडींचा बंदोबस्त करायचाच, पण तो म्हशीसाठी.)

दुसरी ती मऊ गोचीड, डॉक्टर लोक सॉफ्ट टिक म्हणतात. पाठ चामड्यासारखी सुरकुतलेली, ढाल नाही, तोंड खालच्या बाजूला त्यामुळे वरून दिसत नाही, रंग मातकट, आणि भिंतीच्या खपलीवर बसली तर मातीचाच कण वाटते. आकार अर्धा ते एक सेंटीमीटर, पिऊन आली की गोल फुगते. तिच्या राहण्याची तऱ्हा ढेकणासारखी आहे, दिवसभर फटीत, बिळात, जमिनीच्या सैल मातीत दडून बसायचं, रात्री जनावर झोपलं की यायचं, पंधरा-वीस मिनिटं ते फार तर तासभर रक्त प्यायचं आणि परत फटीत. म्हणजे सकाळी तुम्ही डुकराचं सगळं अंग चाचपलं तरी एकही सापडणार नाही. हिच्यातल्या ऑर्निथोडोरस नावाच्या गटातल्या काही जाती या विषाणूच्या खऱ्या वाहक.

मऊ गोचीड कधीच बघितली नसेल तर जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात बघा. लाकडाच्या सांध्यात, पत्र्याखाली आर्गस नावाची चपटी मऊ गोचीड आपल्याकडे सापडते, तीही रात्रीच येते. ती या तापाची वाहक म्हणून माहीत नाही, पण मऊ गोचीड कशी दडते, कशी दिसते हे डोळ्याला कळतं. आर्गस कडेने धारदार चपटी असते, ऑर्निथोडोरसची कड गोलसर जाड.

ती विषाणू कसा सांभाळते

हा भाग वाचायला लांब वाटेल पण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

हा आजार १९२१ मध्ये केनियातून पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातून आणलेली डुकरं पटापट मरायची, आणि आजूबाजूचे वॉर्टहॉग म्हणजे तिथली सुळेवाली रानडुकरं मात्र ठणठणीत. पुढे उलगडा झाला तो असा की वॉर्टहॉग बिळात पिल्लं देतात, त्या बिळांत या मऊ गोचिडी राहतात, पिल्लू काही आठवड्यांचं असताना गोचीड चावते, दोन-तीन आठवडे त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, ते आजारी पडत नाही पण तेवढ्यात बिळातल्या दुसऱ्या गोचिडी त्याचं रक्त पितात आणि विषाणू घेतात. असा हा फेरा बिळातल्या बिळात चालू राहतो. मोठ्या वॉर्टहॉगपासून पाळीव डुकराला थेट लागण सहसा होत नाही, मधे गोचीड लागतेच.

गोचिडीच्या आत विषाणू आधी आतड्यात वाढतो, मग सगळ्या अंगात, लाळेच्या ग्रंथीत जातो, आणि रक्त पिताना ती पायाच्या मुळाशी जे पाणी सोडते त्यातही उतरतो. ती कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली तरी तो तिच्यात टिकतो. आफ्रिकेतल्या जातीत तर नराकडून मादीला आणि मादीकडून अंड्यांतून पिल्लांनाही जातो. त्यातून ही गोचीड उपाशी राहण्यात पक्की, जेवण मिळालं नाही तर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसते.

स्पेन-पोर्तुगालमध्ये काय झालं ते बघा. १९५७ मध्ये लिस्बनजवळ आजार पहिल्यांदा आला, तेव्हा आटोक्यात आणला, १९६० मध्ये परत आला आणि स्पेनमध्येही घुसला. १९६३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी डुकरांच्या शेडमधल्या मऊ गोचिडीत विषाणू दाखवून दिला, म्हणजे गोचीड या रोगाची वाहक आहे हे आफ्रिकेच्या आधी युरोपात सिद्ध झालं. तिथली डुकरं दगड-मातीच्या जुन्या निवाऱ्यांत राहायची, भिंतीला फटी, फटीत गोचिडी. रोग उखडायला पोर्तुगालला १९९३ आणि स्पेनला १९९५ उजाडलं, आणि त्या कामात गोचिडी असलेले जुने निवारे पाडणं, बंद करणं हाही भाग होता. एवढं करूनसुद्धा १९९९ मध्ये पोर्तुगालात एका फार्मवर रोग पुन्हा निघाला, जिथे आधी साथ होऊन गेली होती आणि गोचिडी शिल्लक होत्या. तिथल्या रिकाम्या फार्मवरून गोळा केलेल्या गोचिडींत डुकरं काढल्यावर पाच वर्षांहून जास्त काळाने जिवंत विषाणू मिळालाय. मला स्वतःला हे वाचून सगळ्यात जास्त हादरायला झालं होतं, कारण आपण शेड रिकामं केलं, चुना मारला, दोन महिने थांबलो की झालं म्हणतो.

मग आपल्याकडे किती घाबरायचं

आपल्या भारतात हा आजार २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला, भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तो पक्का केला, मग बाकीच्या ईशान्येत आणि नंतर इतर राज्यांतही गेला. हा विषाणू २००७ मध्ये जॉर्जियात आला, तिथून रशिया, पूर्व युरोप आणि २०१८ मध्ये चीन असा पसरलेला. आणि या सगळ्या प्रवासात गोचिडीचा वाटा नगण्य आहे. आजारी डुकरांची ने-आण, मांस, खरकटं, गाड्या, बूट, माणसं यांनी तो पसरला. आशियातली रानडुकरं वॉर्टहॉगसारखी बिळात राहत नाहीत, ती स्वतःच या रोगाने मरतात, त्यामुळे मुळशी-भोरकडच्या डोंगरात आफ्रिकेसारखा बिळातला फेरा चालू आहे असं समजायला काही आधार नाही. ऑर्निथोडोरस गटातल्या काही जाती भारतात असल्याची नोंद आहे, पण आपल्या साथींत त्यांनी रोग पसरवल्याचं सिद्ध झालेलं नाही.

तरी मी गोचिडीवर एवढं का लिहितेय? कारण रोग बाहेरून येतो बादलीतून आणि गाडीतून, पण एकदा आला आणि भिंतीत मऊ गोचीड असली तर तो वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतो. आणि गोचीड-विषाणू हे नातं आपल्याला नवं नाही, माकडताप आठवा. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो विषाणू शोधला तो पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्राने, आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात तोच ताप आला. ती गोचीड जंगलातली कडक गोचीड आणि आजार माणसाचा, दोन्ही वेगळं, पण साथ शोधायची तर गोचीड कुठे राहते ते आधी शोधा हे तिथेही तसंच होतं.

पायरी ३: शेड रात्री बघा

डुकरं आणायच्या आधी हे करा, आणि आणली असतील तर आज रात्री करा. दिवसा बघून उपयोग नाही.

लागतं काय तर चांगली टॉर्च, पांढरा कपडा किंवा थर्माकोल, चिमटा, जुना स्क्रू ड्रायव्हर, झाकणवाल्या दोन छोट्या बाटल्या, हातमोजे, आणि पँटच्या मोहऱ्या मोज्यात खोचलेल्या, कारण मऊ गोचीड माणसालाही चावते आणि काही जाती दुसरे ताप देतात. रात्री दिवे घालवल्यावर तासा-दोन तासाने जा. डुकरं जिथे पाठ टेकून झोपतात त्या भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. मग गव्हाणीच्या मागची फट, दाराच्या चौकटीचे सांधे, लाकडी खांब जमिनीत जातो ती जागा, उंदराची बिळं, दगडांच्या मधली निघालेली माती. स्क्रू ड्रायव्हरने फटीतली माती हळूच उकरून पांढऱ्या कपड्यावर पाडायची आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं. मऊ गोचीड उजेडात आणि धक्का लागल्यावर मेल्यासारखी निपचित पडते, मातीचा खडा समजून झटकून टाकाल, जरा थांबलं की तो खडा चालायला लागतो. आम्ही आमच्या जुन्या गोठ्याची भिंत अशी तीन रात्री उकरली होती. ढेकूण निघाले, झुरळं निघाली, विंचू एक निघाला, कडक गोचिडींची कात टाकलेली टरफलं निघाली, मऊ गोचीड नाही निघाली. पण त्या तीन रात्रींनी भिंतीत किती जागा आहे हे आम्हाला कळलं, आणि नंतर प्लॅस्टर करायला कोणाला समजवावं लागलं नाही.

अजून एक पद्धत संशोधक वापरतात, ड्राय आइसची. गोचीड श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर येते, म्हणून भिंतीशी पांढऱ्या ट्रेमध्ये ड्राय आइसचा तुकडा ठेवला तर ती बाहेर येते. बंद खोलीत हे करू नका, गुदमरायला होतं, आणि ड्राय आइसला उघडा हात लावायचा नाही.

पायरी ४: सापडली तर बाटलीत भरा

चिरडू नका, जाळू नका. चिमट्याने उचलून स्पिरिटच्या, म्हणजे सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका. आत कागदाची चिठ्ठी, त्यावर तारीख, गाव, भिंत की जमीन की जनावर, आणि ते पेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग कुठली बाटली कुठली काही कळत नाही. बाटली घेऊन आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जायचं. पुण्यातल्या लोकांना एक सोय अशी आहे की पशुसंवर्धन आयुक्तालय आणि रोग अन्वेषण विभाग दोन्ही औंधला आहेत, डॉक्टर तिथे पाठवायचं का ते ठरवतील. डुकरं आजारी असताना गोचिडी सापडल्या तर मात्र स्वतः बाटली घेऊन फिरू नका, फोन करा, ते येतील.

पायरी ५: भिंत बुजवा

नवीन शेड बांधत असाल तर विटेला सिमेंट प्लॅस्टर, कोपरे गोल, जमीन कोबा आणि उतार नालीकडे. जुना गोठा वापरणार असाल तर निदान तीन फुटांपर्यंत आतून प्लॅस्टर करा, खांबाच्या बुडाशी सिमेंट ओता, बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बंद करा. प्लॅस्टरच्या आधी सैल माती खरवडून काढायची, तशीच बुजवली तर पावसाळ्यानंतर तडा जातो. काळ्या मातीत पाया हलतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर एकदा तडे बघत फिरायचं. शेणाने सारवलेली जमीन गाईला चांगली असेल, डुकराच्या शेडमध्ये नको, डुक्कर नाकाने उकरतं आणि खाली सैल माती तयार होते.

लाकडाचे जुने ओंडके, पोती, विटांचा ढीग शेडला लागून ठेवू नका. कोंबड्या डुकरांच्या शेडमध्ये बसू देऊ नका. धनगरांचा वाडा रानात बसला तर बसू दे, त्यांच्या मेंढ्यांच्या गोचिडींनी हा ताप येत नाही, फक्त त्यांची आणि गावातली कुत्री शेडमध्ये शिरणार नाहीत असं कुंपण पाहिजे.

पायरी ६: औषध फवारायचं तर कुठे फवारायचं

इथे पैसे फुकट जातात म्हणून नीट वाचा. डुकराच्या अंगावर औषध मारून उवा जातील, आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनने खरूज आणि उवा दोन्हीवर चांगला गुण येतो, पण मऊ गोचीड अंगावर असते थोडाच वेळ, तिच्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिच्यासाठी फवारा फटीत जायला पाहिजे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधं दुकानात मिळतात, पण कुठलं, किती पाण्यात, डुकरं आत असताना की बाहेर काढून, हे डॉक्टरांना विचारून आणि बाटलीवरचं वाचून ठरवा, एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावू नका. शेड रिकामं करून, खरवडून, बारीक नोझल फटीला लावून मारायचं आणि काही आठवड्यांनी परत. खोल फटीतली गोचीड तरीही वाचते, म्हणून माझं मत विचाराल तर शंभर रुपये असतील तर ऐंशी सिमेंटवर घाला आणि वीस औषधावर. आयव्हरमेक्टिन दिलेलं जनावर ठरलेले दिवस कापायला विकायचं नाही, तारीख वहीत लिहून ठेवा.

माश्यांचंही बघा. गोठ्यातली चावणारी माशी आजारी डुकराचं रक्त पिऊन एका दिवसाच्या आत दुसऱ्या डुकराला चावली तर विषाणू देऊ शकते हे प्रयोगात दिसलेलं आहे. ती विषाणू सांभाळत नाही, नुसती वाहून नेते. शेणखताचा ढीग लांब ठेवला की ती कमी होते.

पायरी ७: बादली, गाडी, माणूस

खरा धोका इथे आहे. पुण्यात हॉटेल, मेस, कंपन्यांची कँटीनं, मंगल कार्यालयं, खरकटं फुकट किंवा स्वस्तात मिळतं म्हणूनच तर बरेच जण या धंद्यात येतात. त्या खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा, सॉसेज, सलामी काहीही असू शकतं, आणि हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं टिकतो. खरकटं द्यायचं बंद करणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर ९० अंशाला कमीत कमी एक तास, सतत ढवळत शिजवायचं, नुसती एक उकळी काढून नाही. कच्चं ज्या बादलीत येतं ती आणि शिजवलेलं ज्या बादलीत जातं ती वेगळी, आम्ही कच्च्याला लाल आणि शिजलेल्याला निळी ठेवलीय, कामाला नवीन माणूस आला तरी चुकत नाही.

नवीन जनावर आणलं की निदान तीस दिवस वेगळ्या शेडमध्ये, त्याचं पाणी-खाणं करणारा माणूस शक्यतो वेगळा, नाहीतर त्याचं काम सगळ्यात शेवटी. व्यापाऱ्याची गाडी गेटबाहेर. शेडच्या दारात बूट ठेवा, बाहेरचा माणूस आला तर तेच घालून आत. पायबुडीत, म्हणजे दारात बूट बुडवायला ठेवलेल्या भांड्यात, औषध रोज बदला, शेणाने भरलेली पायबुडी नुसती शोभेची. शेजारी मोकाट डुकरं फिरतात तिथे कुंपण दुहेरी करा.

पायरी ८: डुक्कर पडलं तर त्या दिवशी काय

ताप ४०.५ ते ४२ अंश सेल्सियस, खाणं बंद, सगळी एकावर एक चढून पडलेली, कान-पोट-पाय लाल-जांभळे, उलटी, रक्ताची हगवण, गाभण मादी गाभडली, किंवा काहीच न दिसता सकाळी दोन मेलेली. यातलं काहीही एका मागोमाग दोन जनावरांत दिसलं की विक्री बंद, ने-आण बंद, माणसांची ये-जा बंद, आणि लगेच दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन. मेलेलं जनावर फाडायचं नाही, रक्त सांडलं की सगळीकडे विषाणू, थंड जागी रक्तात तो वर्षभराहून जास्त टिकतो. कापून मांस वाटणं, ओढ्यात फेकणं तर अजिबात नाही. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने कळवणं हे मालकाचं काम आहे. रोग पक्का झाला तर केंद्राच्या आराखड्याप्रमाणे १ किलोमीटरचा भाग बाधित धरतात, त्यातली डुकरं शास्त्रीय पद्धतीने संपवतात, १० किलोमीटरपर्यंत पाहणी करतात, आणि त्याची भरपाई असते. मोजणी होईल तेव्हा वही दाखवता आली पाहिजे, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

डॉक्टर आले की त्यांना एक गोष्ट आठवणीने सांगा, भिंतीत गोचिडी सापडल्या होत्या का, कधी, कुठे. ते आपणहून विचारतीलच असं नाही, आणि पुढचा सगळा हिशोब त्यावर बदलतो.

पायरी ९: रिकाम्या शेडमध्ये परत कधी

शेण-गाळ आधी पूर्ण काढायचा, साबणाने धुवायचं आणि मग जंतुनाशक, कारण घाणीवर मारलेलं जंतुनाशक काम करत नाही. कॉस्टिक सोडा किंवा ब्लीच डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, अर्धा तास ओलं राहू द्यायचं. हे विषाणूसाठी झालं, गोचिडीला याने काही होत नाही, तिचा बंदोबस्त पायरी ५ आणि ६ प्रमाणे वेगळा.

युरोपियन युनियनने २००२ मध्ये या आजारासाठी जे नियम केले त्यात गोचिडीचा संबंध नसेल तर सफाईनंतर कमीत कमी ४० दिवस थांबायचं होतं, आणि गोचिडीचा संबंध असेल तर सहा वर्षं, गोचिडी खात्रीने संपवल्या असतील तरच त्याआधी. चाळीस दिवस आणि सहा वर्षं! फरक फक्त भिंतीत काय आहे एवढाच. आपल्याकडे तारीख पशुसंवर्धन खातं ठरवतं, पण शेड कुठलं पाडायचं आणि कुठलं ठेवायचं हा निर्णय आपला असतो, आणि दगड-मातीचा गोठा असेल व साथ होऊन गेली असेल तर मी तो पाडेन, डुकरं दुसऱ्या जागी नवीन कोब्यावर ठेवेन.

परवानगी मिळाल्यावरसुद्धा सगळी डुकरं एकदम भरायची नाहीत. आधी नेहमीच्या संख्येच्या साधारण दहा टक्के, म्हणजे वीसचं शेड असेल तर दोन, आणि ती एका कोपऱ्यात नाही, सगळ्या कप्प्यांत फिरवत ठेवायची, रात्री भिंतीला टेकून झोपू द्यायची. सहा आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून वहीत लिहायचा. त्या सहा आठवड्यांत टॉर्च आणि पांढरा कपडा घेऊन रात्रीची फेरी आठवड्यातून दोनदा, खालचा दोन फुटांचा पट्टा, दाराची चौकट, खांबाचं बूड, त्याच क्रमाने.